प्रयोजन

स्वयंपाकघरातल्या काट्यावर तंबू ठेवला.
भाचीचा, उसना. तीन किलो दोनशे.
या काट्यानं आजवर शेंगदाणे तोलले, भाजणी तोलली,
आणि एकदा रुखसानाच्या मांजराचं सहा दिवसांचं पिल्लू.
डोंगर पहिल्यांदाच.

आम्ही तिघी. हेमलता कणसे, रुखसाना बागवान, मी.
मिळून गुडघे सहा, त्यांतले भरवशाचे चार.
जायचं वासोट्याला, डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी.
साताऱ्याहून बामणोलीपर्यंत एसटी, पुढं शिवसागरातनं बोट,
मग ते रान,
जिथं भर दुपारी उन्हाची नुसती सुट्टी नाणी पडतात
आणि वेचायला वाकलं की
पाचोळ्यात काहीतरी सरकतं.

जंगलात मुक्कामाला परवानगी नाही.
अंधारायच्या आत परतायचं,
तंबू पाण्याच्या या काठाला, संकपाळांच्या खाचरात,
भात काढून मोकळ्या झालेल्या.
संकपाळांचीच बोट. फोनवर म्हणाले,
"बरोबर जेन्ट्स कोण?"
"गवा आहे की तिकडं," रुखसाना म्हणाली.
पोट धरून हसले.
भाडं मात्र रुपयानं कमी केलं नाही.

वही उघडली. डावं पान : न्यायचं.
बॅटरी, सेल जादा. दोरी. मीठ आणि हळद एका पुडीत.
क्रेप बँडेज. लसणाची चटणी, भाकरी, गुळाचा खडा.
शिट्टी (हेमलता खेळाच्या तासाची आणेल).
उजवं पान : घरी सांगायचं.
गॅसचं कार्ड फ्रिजवर, मिरचीच्या चुंबकाखाली.
दूध एकच पिशवी.
ह्यांची गोळी सकाळची पांढरी, रात्रीची गुलाबी, उलट नको.
मोटर अकरा मिनिटं. बाराव्या मिनिटाला टाकी वाहते.
कपाटाची किल्ली कपाटात नाही.
इस्त्रीवाला शनिवारी येतो, तो खोटं बोलतो, कपडे मोजून द्या.
डावं पान अर्ध्यात संपलं.
उजवं उलटलं, पुन्हा उलटलं.
एका रात्रीसाठी.

हेमलता म्हणाली, उजव्या पानाचं वजन कर बघू.
वही ठेवली काट्यावर. एकशे चाळीस ग्रॅम.
"काटा बिघडलाय," ती म्हणाली.

मग परवानगीचा अर्ज.
एकतीस वर्षं पंचायत समितीत
मी लोकांच्या अर्जांवर लाल शाईनं लिहीत आले,
*रकाना रिक्त ठेवू नये.*
नाव लिहिलं. वय लिहिलं, खरं.
आधारची झेरॉक्स, दोन प्रती, टाचून.
सहावा रकाना : भेटीचे प्रयोजन.
पर्यटन. अभ्यास. इतर, तपशील द्यावा.
पेनचं टोपण लावलं.

त्या रात्री गोडोलीतल्या आमच्या गच्चीवर
तंबू उभा करून पाहिला.
ह्यांनी बॅटरी धरली, काही विचारलं नाही,
एवढंच म्हणाले, "चेन आतनं लागते का बघ."
लागली.
आत मॅगीचा वास, कुणाच्यातरी सहलीतला धूर,
खिशात सापडलेलं एक क्लचर, माझं नसलेलं.
फटीतनं अजिंक्यताऱ्यावरचा लाल दिवा.
स्टँडवरनं कर्कश्श घोषणा, कुठल्या फलाटावर कुठली गाडी, कळेना.
पाठीखाली सिमेंट. झोप अशी लागली
जशी बदलीच्या गावात पहिल्या रात्री लागते,
एक कान उघडा ठेवून.

पहाटे मोटर सुरू झाली.
मी मोजू लागले, सवयच.
नऊ. दहा. अकरा.
खाली कुणी उठलं नाही.
बारा.
टाकी भरली, काठावरनं पाणी सुटलं,
गच्चीच्या उतारानं सावकाश तंबूपर्यंत आलं,
कापडाला लागून थांबलं,
मग कडेनं वळून गेलं.
तेरा, चौदा.
आत थेंब आला नाही.
मी उठले नाही.

सकाळी अर्जात 'इतर'पुढं बरोबरची खूण केली.
तपशिलाची जागा तशीच ठेवली, कोरी,
खाली सही.

हेमलताचा फोन :
काडेपेट्या दोन घे. एक भिजतेच.